अर्ध्यावर सुटणाऱ्यांचे इंग्रजी

आयुर्विम्याच्या व्यवहारात 'सरेंडर व्हॅल्यू' नावाची एक संज्ञा आहे. विमेदाराने काही वर्षे हप्ते भरले आणि पुढे ते भरणे त्याला अशक्य झाले, तर भरलेल्या रकमेपैकी त्याच्या पदरात काय पडेल, याचा तो हिशेब असतो. पॉलिसी घेताना हे कलम कोणी वाचत नाही. हप्ते थकल्यावर मात्र पहिल्याने तेच वाचले जाते. कोरडी, हिशेबी अशी ही संज्ञा शाळेतील इंग्रजीच्या तासाला लावून पाहण्याची कल्पना 1926 साली एका गृहस्थाला सुचली. हे गृहस्थ म्हणजे ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य मायकेल वेस्ट. बंगालमधील द्वैभाषिकतेवर त्यांनी लिहिलेला विस्तृत अहवाल त्या वर्षी सरकारतर्फे प्रसिद्ध झाला. भाषाशिक्षणाच्या इतिहासात त्याला मानाचे स्थान आहे. पण आपल्याकडे शिक्षकवर्गाबाहेर त्याचे नाव फारसे कोणी ऐकलेले नाही.

वेस्ट यांचा प्रश्न साधा होता. बंगालमधील खेड्यातला मुलगा इंग्रजी शिकू लागतो आणि दोन, तीन किंवा चार वर्षांनी शाळा सोडतो. बाप आजारी पडतो, शेती बुडते, फी भरवत नाही; कारणे अनेक. त्या दिवशी त्याच्या हातात काय उरते? अंकगणित अर्धे शिकून सुटलेला मुलगा दुकानात बेरीज-वजाबाकी तरी करील. मातृभाषेचे दुसरे पुस्तक वाचून सुटलेला मुलगा आलेले पत्र तरी वाचील. इंग्रजीचे अर्धे व्याकरण, शंभर स्पेलिंगे आणि अनियमित क्रियापदांची तीन रूपे घेऊन जो घरी बसला, त्याला यांतील कशाचाही काडीमात्र उपयोग नाही. सगळा अभ्यासक्रम शेवटच्या पायरीवर पोचणाऱ्यासाठी आखलेला. वाटेत उतरणाऱ्याची त्यात सोयच नाही. वेस्ट यांच्या मते अभ्यासक्रम असा रचावा, की मुलगा ज्या वर्षी सुटेल त्या वर्षापर्यंतचे त्याचे शिक्षण त्यापुरते पुरे असावे.

वाटेत उतरणारे किती होते? हार्टोग समितीने 1929 साली दिलेला आकडा शिक्षणाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. 1922-23 मध्ये पहिल्या इयत्तेत असलेल्या शंभर मुलांपैकी 1925-26 मध्ये चौथीत केवळ 18 उरली होती. हा आकडा प्राथमिक शाळांचा, माध्यमिकचा नव्हे, हे मान्य. परंतु माध्यमिक शाळेच्या दारापर्यंत पोचलेल्यांमागे केवढी पडझड होती, हे त्यावरून कळते. 'गळती' हा शब्द त्या अहवालानंतर शिक्षणाच्या चर्चेत जो शिरला, तो अद्याप बाहेर पडलेला नाही.

आता वेस्ट यांना बाजूला ठेवून आपल्या मुंबई इलाख्याकडे वळू. कारण ज्या तासावर ते रागावले होते तो तास आपल्या आजोबा-पणजोबांनी बाकावर बसून भोगलेला आहे.

मेकॉलेचे टिपण 1835 चे, वुडचा खलिता 1854 चा, आणि मुंबई विद्यापीठाची स्थापना 1857 ची. या तीन सनावळ्या सर्वांना ठाऊक असतात. पण वर्गातील तासावर खरा परिणाम केला तो तिसरीने. विद्यापीठ आले आणि मॅट्रिकची परीक्षा आली. आणि मॅट्रिक आल्याबरोबर खालच्या सगळ्या इयत्ता तिच्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. इंग्रजी पहिलीतला तास सातवीच्या परीक्षेसाठी आखला जाऊ लागला. कायद्याच्या भाषेत बोलायचे तर मृत्युपत्रातील एका वारसासाठी बाकीच्या सर्वांना निष्कांचन करण्याचा हा प्रकार होता.

त्या तासाची रचना कशी असे, हे जुन्या आत्मचरित्रांतून पुरेसे कळते. हॉवर्ड साहेबांची क्रमिक पुस्तके हातात. एकेक मुलगा उभा राहून चार ओळी वाची. मास्तर अर्थ सांगत. शब्दांचे 'मीनिंग' वहीत उतरवून घ्यायचे. मग 'पार्सिंग', म्हणजे प्रत्येक पदाची जात, लिंग, वचन, विभक्ती. आणि शेवटी मराठीतून इंग्रजीत व इंग्रजीतून मराठीत भाषांतर. याच भाषांतराच्या अंगाने तर्खडकरांची सुप्रसिद्ध 'भाषांतर पाठमाला' आली. नियम, त्याची उदाहरणे, मग मराठी वाक्ये, ती इंग्रजीत करावयाची, पुढचा नियम. या पाठमालेची थट्टा करण्याची आज पद्धत आहे, आणि तिच्यातील काही वाक्ये थट्टेला पात्रही आहेत. तथापि तिचा एक गुण फार मोठा होता: तिला चांगला शिक्षक लागत नसे. ज्याला साहेबाचा उच्चार कधी ऐकावयास मिळाला नाही, ज्याच्या गावी इंग्रजी शाळा नाही, तो मनुष्य कंदिलाच्या उजेडात तीन भाग संपवून वाचण्या-लिहिण्यापुरते इंग्रजी मिळवू शके. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या वडिलांनी, सुभेदार रामजींनी, मुलाकडून हॉवर्डची पुस्तके आणि तर्खडकरांची पाठमाला करून घेतली होती, ही हकीकत त्यांच्या चरित्रात येते. शाळेतील तास ज्याला मोकळ्या मनाने मिळत नव्हता, त्या मुलाच्या घरात हे पुस्तक मास्तर होऊन बसले. पद्धती जुनाट असली तरी ती कोणाच्या हाती पडते यावर तिची किंमत ठरते.

दुसरे उदाहरण आगरकरांचे. 1880 साली चिपळूणकरांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले. नावात 'इंग्लिश' शब्द मुद्दाम ठेवला. इंग्रजीला वाघिणीच्या दुधाची जी उपमा देतात, ती चिपळूणकरांच्याच नावावर सांगितली जाते. ते दूध पचायला किती वर्षे लागतात आणि ज्याची वाटी मध्येच काढून घेतली जाते त्याचे काय होते, याचा विचार त्या पिढीने केला नाही. तिचे डोळे वरच्या पायरीकडे लागलेले होते. त्या वरच्या पायरीवर मात्र तिने जे करून दाखवले ते विलक्षण होते. 1882 साली कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले. पत्रे बनावट निघाली, माफी मागितली गेली, तरी शिक्षा चुकली नाही. त्या एकशे एक दिवसांत आगरकरांनी शेक्सपीअरचे 'हॅम्लेट' मराठीत आणण्याचे काम केले, आणि 1883 मध्ये ते 'विकारविलसित' या नावाने बाहेर पडले. त्यांनीच 1888 मध्ये 'वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण' हा ग्रंथ लिहिला. इंग्रजीच्या तासाला पार्सिंग आणि अ‍ॅनॅलिसिस करून करून वाक्य उकलण्याची जी सवय लागली होती, ती त्यांनी उचलून मराठीच्या अंगणात आणली. मराठी गद्याला जी शिस्त त्या काळी आली तिच्यात भाषांतर पद्धतीचा वाटा किती, याचा हिशेब कोणी मांडलेला मला दिसला नाही. मांडला तर तो लहान निघणार नाही.

पण आगरकर शेवटपर्यंत पोचलेले होते. प्रश्न उरलेल्यांचा आहे.

भाषांतर पद्धतीवर पहिला मोठा हल्ला युरोपात 1882 च्या सुमारास जर्मन अध्यापक फिएटर यांनी केला, आणि तेथून 'डायरेक्ट मेथड', म्हणजे मातृभाषा बाजूला सारून वस्तू, चित्र आणि कृती यांच्या साहाय्याने परभाषा थेट शिकविण्याची पद्धती, हळूहळू इकडे आली. आपल्या इलाख्यात तिचा पुरस्कर्ता कोण होता, हे सांगितले तर पुष्कळांना नवल वाटेल. पर्सिव्हल ख्रिस्टोफर रेन हे इंडियन एज्युकेशनल सर्व्हिसमधील अधिकारी कराचीच्या सरकारी हायस्कुलात मुख्याध्यापक होते, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच मोडत असे. त्यांनी 1911 साली हिंदी शाळांतून इंग्रजी थेट पद्धतीने कसे शिकवावे यावर पुस्तक लिहिले. 1917 मध्ये नोकरी सोडून ते विलायतेस गेले आणि 1924 मध्ये 'बो जेस्ट' ही फ्रेंच फॉरेन लीजनवरील कादंबरी लिहून जगप्रसिद्ध झाले. आणि आपल्याकडे त्यांचे नाव कशासाठी घेतले जाते? 'रेन अँड मार्टिन'च्या व्याकरणासाठी! नियम, अपवाद आणि रिकाम्या जागा भरा, अशा ज्या शिक्षणाविरुद्ध थेट पद्धतीचे बंड होते, त्याच शिक्षणाचा बायबल म्हणून या बंडखोराचे नाव तीन-चार पिढ्यांनी ओठावर खेळवले. इतिहासाला विनोदाचे अंग नाही असे कोणी म्हणू नये.

थेट पद्धती आपल्या शाळांत मुळे धरू शकली नाही, याचे कारण तिच्या तत्त्वात नसून तिच्या अटींत होते. शिक्षकाने तासभर अस्खलित, शुद्ध, जिवंत इंग्रजी बोलत राहावे, ही पहिली अट. मुले थोडी असावीत, ही दुसरी. पन्नास मुलांच्या वर्गात खिडकी उघडून 'आय अ‍ॅम ओपनिंग द विंडो' असे म्हणणारा मास्तर पहिल्या पंधरवड्यात मोठा आकर्षक वाटे. महिन्याच्या अखेरीस खिडक्या संपत.

याच सुमारास आणखी एक गोष्ट आपल्या शिक्षकी जगात स्थिरावली, ती म्हणजे पाठटाचण. मुंबईचे सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज 1906 मध्ये निघाले. पुढे बडोद्यास, पुण्यास आणि अन्यत्र अशी महाविद्यालये झाली. तेथे होऊ घातलेल्या मास्तराला हर्बार्टच्या नावाने ओळखली जाणारी पंचपदी शिकवीत: प्रस्तावना, विषयविवेचन, तुलना, सामान्यीकरण आणि उपयोजन. वस्तुतः हर्बार्ट 1841 मध्येच वारला. पाच पायऱ्यांची ही शिडी त्याच्या झिलर, राइन प्रभृती अनुयायांनी बांधली. ही शिडी भूमितीला किंवा विज्ञानाला शोभते. पाच उदाहरणे दिली की नियम निघतो, नियम निघाला की त्याचा उपयोग करता येतो. पण कवितेच्या तासालाही हीच शिडी लावली गेली, आणि पाठटाचणाच्या वहीत 'हेतुकथन: आज आपण एक सुंदर कविता शिकणार आहोत' असे वाक्य अजरामर झाले. कविता सुंदर आहे हा निकाल आधी जाहीर करून मग पुरावा घेण्याची ही तऱ्हा कोणत्याही कोर्टात चालली नसती.

ढाक्याचे प्राचार्य या सर्व गोंधळाकडे परक्याच्या पण सहानुभूतीच्या दृष्टीने पाहत होते. त्यांनी निवड केली ती वाचनाची. बंगाली खेड्यात मुलगा इंग्रजी बोलणार कोणाशी? तेव्हा बोलण्यावर खर्चलेली वर्षे सुटणाऱ्याच्या दृष्टीने वायाच. वाचणे मात्र एकट्याने करता येते, शिक्षकाचा उच्चार वाईट असला तरी करता येते, आणि जितके आले तितके कामास येते. अट एवढीच, की त्याच्या आवाक्यातले वाचायला काही असले पाहिजे. ते नव्हते. क्रमिक पुस्तकांतील भाषा इंग्रज मुलांसाठी लिहिलेली, तीही अर्धी काव्यातली. वेस्ट यांनी 'न्यू मेथड रीडर्स' या नावाने स्वतः पुस्तके लिहावयास घेतली. दोन नियम त्यांनी पाळले. पहिला, जुनाट व दुर्मिळ शब्द काढून नित्याचे शब्द घालायचे: 'आइल' गेला आणि 'आयलंड' आला, 'एअर'च्या जागी 'बिफोर' बसला. दुसरा, नवे शब्द एका पानावर गर्दीने येऊ द्यायचे नाहीत. एक नवा शब्द आला की त्याला पुढे पुन्हा पुन्हा भेटू द्यायचे, तो ओळखीचा झाला की दुसरा आणायचा. दहा नव्या पाहुण्यांची एका दमात ओळख करून दिली तर यजमानाला एकाचेही नाव आठवत नाही, हा व्यवहार कोणत्याही लग्नघरात कळतो. क्रमिक पुस्तके लिहिणाऱ्यांना तो तोपर्यंत कळला नव्हता.

कोणते शब्द नित्याचे हे ठरवायचे तर मोजणी आली. टोकियोत काम करणारे हॅरल्ड पामर हे बोलण्याला प्रथम स्थान देणारे, म्हणजे वेस्ट यांचे प्रतिपक्षीच. पण शब्द मोजण्याच्या बाबतीत दोघे एकत्र आले. 1934 मध्ये न्यूयॉर्कला कार्नेगी संस्थेच्या साहाय्याने परिषद भरली, 1936 मध्ये अंतरिम अहवाल निघाला, आणि 1953 मध्ये वेस्ट यांच्या संपादनाखाली सुमारे 2000 शब्दांची 'जनरल सर्व्हिस लिस्ट' प्रसिद्ध झाली. ढाक्यातील गळतीच्या चिंतेतून निघालेला हा ओहोळ पुढे जगभरच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांना पाणी पुरविता झाला. शिक्षणशास्त्रातील किती कल्पना आपल्या भूमीवर, आपल्या मुलांच्या अडचणींतून जन्मल्या आणि आपल्याकडे विलायती माल म्हणून परत आल्या, याचा शोध कोणी घ्यावा.

येथे एक हरकत घेतली पाहिजे, आणि ती घेण्याचा अधिकार गोमंतकीयांना विशेष आहे. पोर्तुगीज अमलातील गोव्यात सरकारी भाषा पोर्तुगीज, घरात कोंकणी, हिंदू घरांतून शिक्षणाची व देवघराची भाषा मराठी, आणि तरीही इंग्रजी शाळा निघत गेल्या. हडफड्याची सेंट जोझेफ शाळा 1887 ची. ती गोव्यातील पहिली इंग्रजी शाळा म्हणून ओळखली जाते. येथली मुले मॅट्रिकला मुंबई विद्यापीठाच्या परीक्षेस बसत. इंग्रजी हवे होते ते मुंबईसाठी, कराचीसाठी, आफ्रिकेसाठी, आणि बोटीसाठी. जो मुलगा मध्येच शाळा सोडी, तो मुंबईच्या एखाद्या कुडीत खाट धरी आणि तारवटी, आचारी, वाजंत्री किंवा कारकून होई. त्याला वाचनापेक्षा तोडकेमोडके बोलणे अधिक कामाचे होते. बोटीवरच्या अधिकाऱ्याचा हुकूम कळला पाहिजे आणि त्याला उत्तर देता आले पाहिजे. रॉबिन्सन क्रूसोची सोपी आवृत्ती वाचता आली नाही तरी पगार कापला जात नाही. म्हणजे 'सरेंडर व्हॅल्यू'चे तत्त्व बरोबर, पण वाचनातच ती सर्वाधिक असते हा वेस्ट यांचा निष्कर्ष ढाक्याच्या पंचक्रोशीपुरता खरा. मूल सुटून कोठे जाते, हे विचारल्याखेरीज त्याच्या हातात काय द्यावे हे ठरत नाही.

हैदराबादेत प्रश्नाचे तिसरेच रूप होते. उस्मानिया विद्यापीठ 1918 मध्ये सुरू झाले. माध्यम उर्दू, आणि इंग्रजी हा आवश्यक विषय. मराठवाड्यातल्या मराठी मुलाला तेथे ज्ञानासाठी एक परकी भाषा आणि विषय म्हणून दुसरी अशी दोन ओझी घेऊन चालावे लागे. त्याच्या इंग्रजीच्या तासाला 'मातृभाषेचे साहाय्य घ्या' हा उपदेश करताना कोणाची मातृभाषा, असा प्रश्न आधी पुसावा लागला असता.

वेस्ट यांच्यावरची माझी दुसरी हरकत साहित्याविषयी आहे. वाचन म्हणजे त्यांच्या हिशेबी मुख्यत्वे माहितीचे आणि कथेचे वाचन. कविता ही वरच्या इयत्तेतील चैन. आपल्याकडील बहुतेक शिक्षकही हेच धरून चालतात, की आधी भाषा पक्की होऊ द्या, मग साहित्य पाहू. परंतु सुटणाऱ्या मुलाच्या बाजूने पाहिले तर हा क्रम उलटा ठरतो. व्याकरणाचा अर्धा भाग अर्धाच राहतो. लहानशी कविता मात्र तीस ओळींत पुरी होते. ती ज्याला आली त्याला सगळी आली. उद्या शाळा सुटली तरी ती त्याच्यापाशी अखंड राहते. चौथीत शाळा सोडलेल्या आपल्या बायाबापड्यांच्या तोंडी अभंग आणि ओव्या होत्या, त्या कोणा अभ्यासक्रमाच्या शेवटच्या पायरीवर मिळाल्या नव्हत्या.

मग इंग्रजी कवितेचा तास कसा आखावा? डॅफोडिलच्या फुलांवरून आपल्या शिक्षणाची चेष्टा करण्याचा प्रघात आहे: कोंकणातल्या पोराला डॅफोडिल काय कळणार! हा युक्तिवाद मला कधी पटलेला नाही. मानससरोवर आणि चंद्रकिरणांवर जगणारा चकोर तरी आमच्या पोरांनी कोठे पाहिला आहे? न पाहिलेल्या गोष्टींवर प्रेम करणे हा साहित्याचा नित्यधर्म आहे. तास मरतो तो अपरिचयामुळे नव्हे; पस्तीस मिनिटांपैकी तीस मिनिटे समानार्थी शब्द फळ्यावर लिहिण्यात जातात म्हणून मरतो.

वर्ड्स्वर्थचीच दुसरी कविता घ्यावी, 1807 साली छापलेली 'द सॉलिटरी रीपर'. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात एक मुलगी एकटीच पीक कापीत गात आहे. तिची भाषा गेलिक. कवीला ती येत नाही. ती काय गाते आहे हे त्याला कोणी सांगत नाही, आणि तो ते सूर घेऊन डोंगर चढून जातो. (कवीला हे चित्र मित्राच्या, टॉमस विल्किन्सनच्या, प्रवासवर्णनाच्या हस्तलिखितात सापडले होते, म्हणजे त्याने स्वतः ते तसे ऐकलेच होते असेही नाही.) परभाषेचा तास घेणाऱ्या शिक्षकाला याहून अनुकूल कविता कोणती? न समजणाऱ्या भाषेतले गाणे ऐकण्याचा अनुभव हाच तिचा विषय, आणि बाकावरच्या मुलांचीही या घटकेला तीच स्थिती. बेळगाव भागातल्या मराठी मुलाने रोप लावणाऱ्या बायकांचे कन्नड गाणे ऐकलेले असते. शब्द कळत नाहीत, पण ते गाणे दुःखाचे की थट्टेचे याचा तर्क तो करतो. तास येथून, मराठीतून, पाच मिनिटे चालावा. मग शिक्षकाने कविता एकदा, अर्थ न सांगता, सावकाश म्हणून दाखवावी. मुलांनी फक्त ऐकावे. मग एकच प्रश्न: कवीला गाणे कळले का? उत्तरासाठी मुलांना ओळी शोधाव्या लागतात, आणि शोधताना जे शब्द आडवे येतात तेवढेच फळ्यावर घ्यावे. ते सात-आठांहून अधिक निघत नाहीत. जुनी परीरूपे, उलटे पदक्रम यांना त्या दिवशी हात लावू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणणे. तिसऱ्या दिवशी एखादे कडवे मुलांच्या तोंडी. यात पंचपदी कोठेच बसत नाही, आणि शाळा तपासनीस पाठटाचणाच्या वहीत 'सामान्यीकरण' शोधू लागले तर त्यांना ते सापडणार नाही.

असो. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे वाद तासाच्या रचनेवरून उठून तास असावाच की नाही येथवर गेला. मुंबई राज्यात इंग्रजीचा आरंभ आठवीवर ढकलण्यात आला. 6 जानेवारी 1954 च्या आदेशाने सरकारने इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत अँग्लो-इंडियन व आशियाबाह्य वंशाच्या नागरिकांखेरीज इतरांच्या मुलांना प्रवेश देण्यास मनाई केली. देवळालीची बार्न्स शाळा चालविणारी संस्था न्यायालयात गेली. तिच्याबरोबर दोन पालकही गेले, त्यांतील एक गुजराती भाषिक हिंदू होते. मुंबई उच्च न्यायालयाने, आणि त्याच वर्षी 26 मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने, हा आदेश घटनाबाह्य ठरविला. घटनेच्या 29 व्या कलमावरील हा निकाल वकिलांना परिचित आहे. त्याच्या योग्यतेबद्दल मला शंका नाही; पण न्यायालयाने दार उघडले ते ज्यांना इंग्रजी माध्यमाची फी परवडत होती त्यांच्यासाठी. आठवीत प्रथम एबीसीडी गिरवून अकरावीत एस.एस.सी.ला बसणाऱ्या मराठी शाळेतल्या मुलाच्या तीन-चार वर्षांचे काय करावे, हा खटला कोणी दाखल केला नाही, आणि तसा तो दाखल होण्याजोगाही नव्हता.

त्यासाठी ज्या योजना निघाल्या त्यांत 1958 साली हैदराबादेत स्थापन झालेली सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश ही महत्त्वाची. फर्ग्युसन, विलिंग्डन आणि राजाराम कॉलेजांमुळे महाराष्ट्राला जवळचे असलेले कन्नड कवी वि. कृ. गोकाक तिचे संचालक होते. याच काळात वाक्यांचे साचे क्रमाने घोटून घेण्याची 'स्ट्रक्चरल' पद्धती देशभर पसरली. मद्रास राज्याने तर 27,000 शिक्षकांना या पद्धतीचे प्रशिक्षण देण्याचा घाट घातला. थोड्यांना शिकवायचे, त्यांनी आणखी थोड्यांना, असा बर्फाचा गोळा घरंगळवायची ती कल्पना होती. गोळा घरंगळला तेव्हा मोठा होण्याऐवजी वाटेत वितळला, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. साचे सोपे होते, गिरवता येत होते. परंतु 'धिस इज अ पेन' हे वाक्य ज्याला म्हणायचे आहे त्याच्या हातात पेन असतेच, आणि ऐकणाऱ्यालाही ते दिसत असते. म्हणजे सांगण्यासारखे काही नसताना बोलण्याचा तो सराव.

वृद्ध वेस्ट यांनी 1960 मध्ये 'प्रतिकूल परिस्थितीत इंग्रजीचे अध्यापन' या विषयावर छोटे पुस्तक लिहिले. तीसहून अधिक, बहुधा चाळीस-पन्नास मुले, बाकांवर दाटीने बसलेली, निरनिराळ्या तयारीची, शिक्षकाला स्वतःला इंग्रजी बेताचे येणारे, आणि उकाडा. ढाका सोडून त्यांना बरीच वर्षे झाली होती, पण वर्ग डोळ्यांपुढून हलला नव्हता.

त्या वर्गासाठी सर्वांत धीट प्रयोग पुढे दक्षिणेतच झाला. मद्रासच्या ब्रिटिश कौन्सिलमधील एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात काही सामान्य शाळांतून वाक्यांचे साचे आणि व्याकरण दोन्ही बाजूला ठेवले. तासाला एक कोडे आणायचे: रेल्वेचे वेळापत्रक, गावाचा नकाशा, एखाद्या नियमावलीत बसणारा किंवा न बसणारा माणूस. आधी तसेच एक कोडे शिक्षकाने सर्व वर्गाबरोबर, प्रश्नोत्तरांनी, उघडपणे सोडवायचे. मग दुसरे प्रत्येक मुलाने आपले आपण सोडवायचे. भाषा ही त्यात येता येता येते, लक्ष उत्तरावर असते. गाडी किती वाजता सुटते, वाटेत कोठे बदलावी लागते, हे शोधणाऱ्या मुलाला आपण वर्तमानकाळ वापरतो आहोत याची खबरही नसते. पद्धती सर्वत्र चालेल असा दावा प्रभूंनी केला नाही, आणि परीक्षा मंडळांनी ती स्वीकारली नाही. महाराष्ट्राने 2000 साली इंग्रजी पहिलीपासून आणले, तेव्हा वर्षे वाढली. तासाच्या पोटात काय असावे याची चर्चा त्या मानाने थोडकीच झाली.

प्रभूंच्या प्रयोगातील एक मोजमाप मला फार मोलाचे वाटते. कोडे फार सोपे की फार अवघड, हे ठरवायचे कसे? वर्गातल्या निदान निम्म्या मुलांना त्याचा निदान निम्मा भाग बरोबर सोडविता आला पाहिजे. न आला तर चूक कोड्याची, आणि उद्याचे कोडे त्याप्रमाणे बदलायचे. पहिल्या बाकावरच्या तिघांनी सगळे सोडवले, तर त्या दिवशीचा तास फसला, असे वहीत लिहायचे.